ऑफिसच्या लॅपटॉपमधलं हॉस्टेल

गांगशान, १० सप्टेंबर

आ-श्यांग,

आधी खाली बस. हातात चहाची पत्ती पाखडायचं सूप असेल तर तेही खाली ठेव. काल मी माजी विद्यार्थिनींच्या सभेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर शब्द देऊन बसले.

तुला माहीत आहे, मी सभेत कधी तोंड उघडत नाही. पण जिनफेंग! केस पांढरे झाले तरी अजून वर्गप्रमुखच. ती म्हणाली, शाळेला सत्तर वर्षं होताहेत, तर आठ डिसेंबरला, मेरीमातेच्या सणाला, आपण जुन्या फोटोंची मालिका दाखवू, मागे मी पियानो वाजवीन. आपल्या हॉस्टेलचे फोटो आहेत किती? तीन. त्यातल्या दोनांत जिनफेंगच पुढे उभी आहे, हॉस्टेल तिच्या मागे कुठेतरी असावं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फोटो कशाला? मी तुम्हाला हॉस्टेलमधून फिरवून आणते. फाटकातून आत, व्हरांडा, जिना, झोपायची खोली, जेवणघर. पडद्यावर, पण आपण स्वतः चालतोय असं."

जिनफेंगनं चष्म्यावरून पाहिलं. "बीयुन, तू स्क्रूच्या कंपनीत होतीस ना गं?"

"होते," मी म्हटलं. "आणि शेवटची बारा वर्षं गिऱ्हाइकांना पाठवायला स्क्रूंची चित्रं काढत होते, चहूबाजूंनी फिरवून बघता येतील अशी. ज्या बाईला स्क्रूचे आटे काढता येतात तिला जिना काढता येतो."

टाळ्या पडल्या! मला, बासष्टाव्या वर्षी! मग जिनफेंगनं ते वहीत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

आपल्या हॉस्टेलच्या सिस्टर वेरोनिका पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्र्याण्णव वर्षांच्या झाल्या. हॉस्टेल पाडून तिथे गाड्या उभ्या करायला लागले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून त्या त्या रस्त्यानं जात नाहीत म्हणे. वळसा घालून जातात.

आता अडचण ऐक. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं माझाच ऑफिसचा लॅपटॉप मला भेट दिला. राखाडी, जड, चेहरा अगदी कारकुनाचा. एक स्क्रू दिला की आनंदानं फिरवत बसतो. आज दुपारी मी त्यात हॉस्टेलचं छप्पर चढवलं, चार हजार कौलं, आणि तो धापा टाकायला लागला. सेकंदाला चार चित्रं! चालल्यासारखं वाटायला निदान तीस हवीत. सिस्टरांची छोटी आकृती करून जिन्यावरून उतरवून पाहिली, तर पहिल्या पायरीवर दिसल्या आणि मग एकदम सहाव्या. नव्वदी पार केलेल्या बाईला मी माकडासारख्या उड्या मारायला लावतेय.

जिन्याला पायऱ्या किती होत्या गं? सतरा की अठरा?

तुझी,
आ-युन

पिंगलिन, १४ सप्टेंबर

आ-युन,

एकोणीस. पेरू चोरताना सापडले होते तेव्हा सिस्टरनी त्या ओल्या फडक्यानं पुसायला लावल्या होत्या मला, वरून खाली, आणि मग "कोपरे राहिले" म्हणून खालून वर. एकोणीसच. माझे गुडघे साक्षीला येतील.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हसताना समोरची चाळलेली पत्ती उडाली आणि आमचे हे ओरडले, "काय म्हणते ती? काय म्हणते?" म्हणूनच मी फोनवर बोलत नाही बघ. प्रत्येक वाक्यानंतर यांना भाषांतर करून सांगावं लागतं, जणू तू परदेशी आहेस. पत्र बरं. पत्र मी दुकानामागच्या भट्टीशी वाचते, तिथे उकाड्यानं हे येत नाहीत.

यांचं मत, नवीन मशीन घ्यावं. माझं मत, तू आधी जरा पाणी पी. हॉस्टेल परत उभं करायला निघालीस! अगं, मला दोन दिवस झोपायच्या खोलीतल्या पांढऱ्या मच्छरदाण्याच दिसताहेत. पन्नास मच्छरदाण्या ओळीनं. त्या घालणार आहेस ना? त्यांतून दिसतं ना आरपार, तसं?

आ-श्यांग

गांगशान, २ ऑक्टोबर

आ-श्यांग,

नवीन मशीन घेता येत नाही. चित्रं काढायचा प्रोग्राम कंपनीनं याच मशीनला बांधून दिलाय, दुसरीकडे तो उघडतच नाही. आणि खरं सांगू, मला घ्यायचंही नाही. बारा वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबा खाल्लाय.

तर मी त्याला पिशवीत घालून काओशुंगला कॉम्प्युटर बाजारात नेलं. तिसऱ्या गल्लीत त्साय उस्ताद म्हणून आहेत, सत्तरीचे. आधी जहाजांवरचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी तोलला.

"बाई, हा बैल आहे. नांगराचा. तुम्ही याला शर्यतीत पळवताय."

"मग याला घोडा करा."

"घोडा होत नसतो. फार तर आनंदी बैल होईल."

मागचं झाकण काढलं. आत इतका कचरा, की माझी मलाच लाज वाटली. त्यांनी छोट्या ब्रशनं पंखा साफ केला, बाळाचे कान पुसावेत तसा. मग समजावलं. याच्यात चित्रांसाठी वेगळं कार्डच नाही. जे डोकं हिशेब करतं, त्याचाच एक कोपरा चित्रं काढतो, आणि दोघे एकाच ताटात जेवतात. "निदान ताट तरी मोठं करू," म्हणाले, आणि मेमरीची दुसरी पट्टी बसवली. डोक्यावरचा लेप भातासारखा वाळून खडखडीत झाला होता. तो खरवडून नवा लावला, करड्या रंगाचा. त्यानं गरमी निघून जाते म्हणे.

नऊ चित्रं! चाराची नऊ! सिस्टर आता एकेक पायरी सोडून उतरतात. चाळिशीतल्या वाटतात.

निघताना, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून, उस्तादांनी कुरकुऱ्यांची हिरवी पुडी लॅपटॉपवर ठेवली, नारळाच्या चवीची. ते सांगण्याआधीच मी म्हटलं, "माहीत आहे. आमच्या ऑफिसातही प्रत्येक मशीनवर होती. पुडी हिरवीच, पिवळी नाही. मुदत संपलेली नाही. आणि कामावर असताना खायची नाही." ते इतके खूश झाले! म्हणाले, "मागच्या महिन्यात एका बँकवाल्यानं पिवळी ठेवली होती. तीन दिवस मशीन रुसलं."

आता एक सांग. मच्छरदाण्या घातल्या, पन्नास. व्हरांड्यातला संत जोसेफचा पुतळा केला. त्याचं तुटलेलं बोट उजव्या हाताचं की डाव्या?

आ-युन

पिंगलिन, ७ ऑक्टोबर

आ-युन,

उजव्या हाताचं. पहिलं बोट. मला पक्कं माहीत आहे, कारण ते मी तोडलं.

सेहेचाळीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही. ओला टॉवेल वाळत घालायला दुसरी जागा नव्हती आणि तो बिचारा हात पुढे करूनच उभा होता. त्या बोटापायी तुला महिनाभर पानं झाडायची शिक्षा झाली तेव्हा मी तुला माझ्या वाटणीचं अंडं रोज द्यायचे, आठवतं? तू म्हणायचीस, आ-श्यांग किती प्रेमळ. मी प्रेमळ नव्हते गं. मी घाबरलेली होते.

आता रागवायच्या आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे. हे त्साय उस्ताद विधुर आहेत का? बाळाचे कान काय, दोन्ही हातांनी तोललं काय! पत्रात सिस्टरांपेक्षा त्यांचाच उल्लेख जास्त आहे, मी मोजलाय. यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, "माणूस विश्वासू वाटतो."

आ-श्यांग

गांगशान, २९ ऑक्टोबर

घातकी बाई,

महिनाभर! डिसेंबरच्या पावसात! आणि मी तुझ्या लग्नात रडले होते!

अंड्यांमुळे माफ केलं. पुतळ्याच्या बोटावर आता मी एक टॉवेल टांगलाय. दुसऱ्या कुणालाच कळणार नाही, पण तू पाहशील.

त्साय उस्तादांची बायको दुकानात त्यांच्या शेजारीच बसते आणि त्यांच्यापेक्षा जोरात बोलते. तुम्ही दोघं चहा भाजा.

आता रडायची गोष्ट. उस्तादांनी शेवटचा उपाय काढला. लॅपटॉपच्या आत चित्रांचं कार्ड बसायला जागा नाही, तर कार्ड बाहेर एका पेटीत ठेवायचं आणि जाड वायरनं लॅपटॉपला जोडायचं. पेटी केवढी म्हणशील? बुटांच्या खोक्याएवढी. कार्ड जुनंच, कुणा गेम खेळणाऱ्यानं विकलेलं, पण दणकट. बैलाच्या पाठीवर इंजिन. बटण दाबलं, आणि आ-श्यांग, चौतीस! सेकंदाला चौतीस चित्रं! मी फाटकातून आत गेले. चालत. कौलांवर ऊन होतं. व्हरांड्याच्या लाद्या एकामागून एक पायाखालून सरकत होत्या, आणि मच्छरदाण्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती. मी दुकानातच हुंदके देऊन हसायला लागले. उस्तादांच्या बायकोनं मला स्टूल दिलं. पलीकडच्या दुकानातले लोक बघायला आले आणि सगळे एकेकदा जिना चढून आले.

मी सगळं गाडीनं घरी आणलं, टेबलावर मांडलं, लावलं. पाच मिनिटं बरं चाललं. मग अकरा.

परत दुकानात नेलं. चौतीस. घरी आणलं. अकरा. तिसऱ्यांदा नेलं. उस्ताद लॅपटॉपकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागले. "बाई, तुमच्या घरात कोण राहतं?" मी म्हटलं, मी एकटी. "मग कोण अडवतंय?"

वीज तपासून घेतली. कोपऱ्यावरच्या भूमीदेवाला उदबत्ती लावली, मेरीमातेला नवस बोलले, दोघांना एकमेकांचं न सांगता. हिरव्या पुड्याही वाढवल्या, प्रत्येक वेळी वेग घटला की एक. सात झाल्यात. सगळ्या ताज्या, मुदत पुढच्या वर्षीची.

काल जिनफेंगचा फोन. "पंचवीस नोव्हेंबरला तालीम. त्या दिवशी अडखळलं तर फोटोच दाखवू हं, उगाच सिस्टरना त्रास नको. मी पियानो बसवतेच आहे." किती गोड आवाजात! आ-श्यांग, मला हरायचं दुःख नाही. पण सिस्टरना पुन्हा त्या तीन फोटोंत जिनफेंगच बघायला लागणार.

तुला बघायला माझ्या टेबलाचा फोटो पाठवते. किती छान मांडलंय ते तरी बघ.

आ-युन

पिंगलिन, २ नोव्हेंबर

आ-युन,

फोटो पाहिला. भिंग घेऊन पाहिला. मग यांना बोलावून दाखवला आणि आम्ही दोघं खुर्चीवरून पडायचे बाकी राहिलो.

मला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. मेमरी कुठे आणि कार्ड कुठे, देव जाणे. पण मी पस्तीस वर्षं चहा भाजतेय, आणि गरम हवा आत जाते तशी बाहेर निघावी लागते, एवढं मला झोपेतही कळतं. आमच्या भट्टीला वर धुरांडं आहे. माझ्या सासूबाईंनी एकदा त्यावर ओलं कांबळं वाळत घातलं होतं. अख्खा हंगाम जळका निघाला.

लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बारीक फटी आहेत, दिसतात का? तिथून त्याचा श्वास बाहेर पडत असणार. त्या फटींना टेकवून तू काय ठेवलंयस? हिरवी पुडी. तिच्या शेजारी? हिरवी पुडी. आणि ती बुटाच्या खोक्यासारखी पेटी, तिच्या डोक्यावर जाळी आहे, त्या जाळीवर? तीन हिरव्या पुड्या, देवापुढे मांडाव्यात तशा! हवेनं टम्म फुगलेल्या सात उशा! बिचाऱ्याच्या नाकातोंडावर उशा दाबून तू त्याला म्हणतेस, शहाण्यासारखा वाग. आणि त्यानं धाप टाकली की आणखी एक उशी.

दुकानात एकच पुडी असणार आणि तीही बाजूला. मी पैज लावते.

आता घाबरू नकोस. पुड्या फेकायच्या नाहीत, खायच्याही नाहीत, मलाही ते पाप माझ्या डोक्यावर नको. शेजारी एक स्टूल मांड, हातभर लांब. सगळ्या त्याच्यावर ठेव, तोंडं मशीनकडे करून. उचलताना माफी माग. हे म्हणताहेत, माफी मोठ्यानं माग.

आ-श्यांग

गांगशान, ५ नोव्हेंबर

आ-श्यांग! आ-श्यांग! आ-श्यांग!

एक्केचाळीस!

माफी मागितली, मोठ्यानं मागितली, शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं कुणाची मागतेय. सात पुड्या स्टुलावर नेल्या. आणि तो भरभरून श्वास घ्यायला लागला गं! मी तीन तास हॉस्टेलमध्ये फिरले. सिस्टर जिन्यावरून उतरतात तेव्हा झग्याची कड एकेका पायरीला टेकते. एकोणीस वेळा.

उस्तादांना फोन केला. त्यांनी ते तिथल्या तिथे बायकोला सांगितलं. मग मागून त्यांची बायको ओरडली, "आपल्या फ्रीजमागेही पुडी आहे, काढा ती!" मग ते म्हणाले, "बाई, त्या चहावाल्या बाईंना माझा वाकून नमस्कार सांगा. मी मशीन तीनदा उघडलं. टेबल एकदाही पाहिलं नाही."

आता जेवणघर करायला घेते. पाच आठवडे आहेत. टेबलांवर मेणकापड होतं ना, निळ्या चौकटींचं? आणि जेवणाची घंटा! तिचा आवाज हवाय. पितळेच्या घंटा वाजवून वाजवून बघतेय, दुकानदार हाकलून देतात.

तुझी, तुझी, तुझी,
आ-युन

गांगशानच्या गाडीत, ८ डिसेंबर

आ-श्यांग,

अक्षर वाकडं येतंय ते गाडीमुळे. निदान तसंच समज.

तालीम इतकी चांगली झाली होती. जिनफेंगसुद्धा म्हणाली होती, "हं." तुला तिचं "हं" माहीत आहे.

आज मी रंगमंचावर मागच्या पडद्याआड बसले होते, भिंतीकडे तोंड करून, लॅपटॉप आणि पेटी पुढ्यात. मला तुम्ही कुणी दिसत नव्हता. पण सुरुवातीला ऐकू येत होतं. फाटक उघडलं तेव्हा "अगंबाई" ऐकलं. जोसेफच्या टॉवेलला तू एकटीच हसलीस, ते हसू मी ओळखलं. जिन्यावर कुणीतरी मोठ्यानं पायऱ्या मोजत होतं. मशीन एकदाही अडखळलं नाही. एकदाही नाही, आ-श्यांग.

मग झोपायच्या खोलीत सगळं शांत झालं. फारच शांत. मला वाटलं, कंटाळल्या. मी घाई केली, घंटा वाजवली, जेवणघराचं दार उघडलं. आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. आधी एक, मग सगळ्याच. आणि जिनफेंगचा आवाज, स्पष्ट: "उठा!"

टाळी नाही. शब्द नाही. नुसते पाय.

एकशे साठ बायका उठून चालल्या होत्या आणि मी त्यांना रिकाम्या टेबलांवरचं निळ्या चौकटींचं मेणकापड दाखवत होते. काय चुकलं ते मला कळलं. मी घर बांधलं, पण त्यात माणसंच नाहीत, एक सिस्टर सोडून. रिकामं हॉस्टेल म्हणजे जे आपण हरवलंय तेच पुन्हा दाखवणं. सिस्टरना किती लागलं असेल.

मी वायर ओढली. सगळं पिशवीत भरलं आणि मागच्या दारानं स्टेशन गाठलं. फोन बंद केलाय, जिनफेंगचा गोड आवाज मला आज ऐकवणार नाही. तू रागावू नकोस. तुला न भेटता आले.

आ-युन

पिंगलिन, ११ डिसेंबर, तातडीचं टपाल

गाढवे,

तीन दिवस तुझा फोन बंद! मी यांनासुद्धा शेजारी बसवून फोन लावला, यावरून समज!

आता नीट ऐक. झोपायच्या खोलीत शांतता झाली कारण आम्ही रडत होतो. सगळ्या आपापली मच्छरदाणी शोधत होतो. मग तू घंटा वाजवलीस. ती घंटा कुठून आणलीस? हुबेहूब ती! आणि घंटा वाजल्याबरोबर पहिली खुर्ची सरकली ती सिस्टर वेरोनिकांची. काठी टेकून उभ्या राहिल्या, पाठ ताठ. त्यांना पाहून जिनफेंग विजेचा धक्का बसल्यासारखी उठली आणि ओरडली, "उठा!"

आणि आम्ही उठलो. जेवणाची रांग लावायला, बाई! कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. एकशे साठ म्हाताऱ्या, उंचीप्रमाणे, भिंतीला धरून, पडद्यावरच्या त्या उघड्या दाराकडे तोंड करून. बोलायची परवानगी नाही म्हणून नुसते पाय ऐकू येत होते तुला! कुजबूज मात्र झाली. "तू माझ्या पुढे होतीस." "तेव्हा होते, आता मी बुटकी झालेय." एकीची काठी दुसरीनं धरली होती.

मग पडदा काळा झाला. तरी रांग हलली नाही. सांगितल्याशिवाय आत जायचं नसतं.

सिस्टर मागून पुढे चालत आल्या. प्रत्येकीच्या खांद्याला काठी लावत, मोजत. माझ्यापाशी आल्या, मग जिनफेंगपाशी, आणि थांबल्या. आमच्या दोघींमध्ये एका बाईची जागा मोकळी होती. आम्ही दोघींनी ती न ठरवताच सोडली होती.

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"बीयुन, सिस्टर," जिनफेंग म्हणाली. आणि आ-युन, शपथ, तिचा आवाज चिरकला. "सिस्टर, हे सगळं तिनंच केलंय."

मी पडद्यामागे धावले. टेबल रिकामं. परत येऊन सांगितलं.

"मग थांबू," सिस्टर म्हणाल्या.

वीस मिनिटं थांबलो! मेजवानीवाले दारातून डोकावताहेत, मासे थंड होताहेत, आणि एकशे साठ आज्या रांगेत! शेवटी जिनफेंगनं हात जोडले तेव्हा सिस्टरनी आम्हाला जेवायला सोडलं. स्वतः फक्त सूप घेतलं. बाकीचं ताट झाकून ठेवायला लावलं. म्हणाल्या, मुलगी बाहेर असताना मी पोटभर जेवलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

रविवारी पुन्हा सगळ्या जमणार आहेत. जिनफेंगनं सभागृह ठरवूनही टाकलं, कुणाला न विचारता.

आ-श्यांग

गांगशान, १३ डिसेंबर

आ-श्यांग,

हे पत्र मी टपालात टाकत नाही, माझ्याच हातानं तुला देणार आहे. तुझ्या पत्राला उत्तर न देता यायचं कसं, म्हणून लिहितेय.

उद्या पहाटेच्या गाडीनं निघते, रविवारची वाट बघत नाही. लॅपटॉप, पेटी, वायर सगळं दोन्ही हातांत. गाडीची वेळ फोनवर कळवते, स्टेशनवर ये; तिथून आधी सिस्टरांकडे जाऊ. तू फोन कर, तुझ्या ह्यांना ओरडू दे, पण सिस्टरना सांग, ताटावरचं झाकण काढा, मी पोचले.

आणि जिनफेंगला म्हणावं, जागा जरा जास्त सोड. उंचीनं मी घटलेय, रुंदीला वाढलेय.

आ-युन